उघड्या हाताचं काम

पवनचक्की लांबून बघणाऱ्याला वाटतं, त्यात आहे काय, एक खांब आणि तीन पाती. पण त्या घरात असं बोलायची कुणाची टाप नव्हती. त्या घरात पवनचक्की रोज जेवायला बसायची, तीसुद्धा तुकड्या-तुकड्यांनी. थोरला भाऊ टॉवरच्या कारखान्यात वेल्डर. जाड पोलादी पत्रा वाकवून केलेली, आत टेम्पो शिरेल एवढी नळकांडी तो एकमेकांना जोडायचा. धाकटा भाऊ पायाच्या कामावर, खड्ड्यात सळयांचं जाळं बांधणारा. आणि थोरल्याची बायको पात्यांच्या कारखान्यात. तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. कारखान्यात आणि गल्लीतही सगळे तिला चुणीताई म्हणायचे.

"दादा, तुमची नळकांडी उभी कशाच्या जोरावर राहतात?" धाकटा हातातला घास तसाच धरून विचारायचा. "माझ्या जाळ्याच्या. ट्रकामागून ट्रक काँक्रीट ओततात त्यावर. मग वर माती लोटली की खेळ खलास. आमच्या कामाचा कुणी फोटोसुद्धा काढत नाही."

"गाडलेल्याचा फोटो काढत नसतात," थोरला म्हणायचा. "माझा टॉवर नसता तर हिची पाती जमिनीवर फिरली असती. गवत कापायला बरी."

"मग फिरवा की नुसता टॉवर," चुणीताई वाढता वाढता सुनवायची. "वाऱ्याला सांगा, ये रे बाबा, खांबाला धडक आणि वीज देऊन जा."

टॉवरच्या डोक्यावर बसएवढा डबा असतो. त्यात गिअर असतात, वीज तयार करणारं जनित्र असतं, आणि त्याच्या तोंडाशी तिन्ही पाती धरून ठेवणारा लोखंडी गड्डा. या डब्याला घरात कुणी वाली नव्हता. त्यामुळे एखादी पवनचक्की बंद पडल्याची बातमी आली की तिघंही एका सुरात सगळं खापर डब्यावर फोडायचे आणि निवांत पाणी प्यायचे.

आता चुणीताई हे नाव पडलं कसं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

पातं कापडाचं असतं हे सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. पण खरंच कापडाचं असतं. काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेल एवढा लांब साचा, त्यात कापडाचे थरावर थर अंथरायचे आणि त्यांना रेझीन पाजायचं. रेझीन म्हणजे दोन पिंपांतलं एकत्र कालवलं की तापणारा आणि मग दगड होणारा चिकट द्रव. पात्याचा बराचसा भाग पंपच ओढून भिजवतो. पण बुंध्याचं तसं नाही. बुंधा म्हणजे पात्याचं गोल, जाड टोक, जे वर त्या लोखंडी गड्ड्याला बोल्टांनी आवळतात. पात्याचा सगळा भार तिथे. त्या जागी जादा थर हातानंच बसवायचे. ब्रशनं रेझीन लावायचं, कापड टाकायचं, रूळ फिरवायचा, पुन्हा रेझीन, पुन्हा कापड. आणि या भानगडीत खालच्या थराला कुठेतरी चुणी पडते. चादरीला पडते तशी. चादरीची झटकून जाते, ही आत दगड होऊन बसते. मग पातं वर फिरत असताना वर्षानुवर्षं त्याच जागेवर ताण येतो, तिथेच तडा जातो, आणि एक दिवस अख्खं पातं खाली.

ही चुणी दिव्यानं दिसतेच असं नाही. जाड रबरी हातमोज्यातून तर काहीच कळत नाही. एकदा असंच पातं दिवा फिरवून तपासून झालं होतं, सुपरवायझर पुढच्या थराला हो म्हणत होता. हिला मात्र चैन पडेना. तिनं उजव्या हाताचा मोजा ओढून काढला, ओल्या कापडावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "थांबा. इथे आहे."

"कुठे आहे? मला नाही दिसत."

"दिसायला काय, इथे आहे म्हणते ना!"

कापड उचललं तर खाली बोटाएवढी जाड चुणी. सुपरवायझरनं तोंडात बोट घातलं. त्या दिवसापासून ती चुणीताई झाली. लांबच्या साच्यावरून तिला हाका यायच्या, "चुणीताई, जरा हात फिरवून जा हो." ती जायची, मोजा काढायची, डोळे मिटायची, आणि सगळा हॉल श्वास रोखून उभा. खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडायचं. जन्मात कुणी तिच्यासाठी असं थांबलं नव्हतं.

हळूहळू तिचं बघून सगळ्यांनीच रीत पाडली. डावा हात मोज्यात, उजवा उघडा, उजवा मोजा कमरेच्या पट्ट्यात खोचलेला. सेफ्टीवाल्या बाई दारातून आत शिरल्या की पहिल्या साच्यावरची बाई खोकायची आणि क्षणात सगळ्या हॉलचे मोजे चढलेले. त्या गेल्या की पुन्हा उतरायचे. सुपरवायझर कानाडोळा करायचा, कारण पाती बाद व्हायची कमी झाली होती. सुटी झाली की हात थिनरच्या बोळ्यानं पुसायचे, साबण लावायचा, घरी जायचं. भिंतीवर केवढा तरी बोर्ड होता: उघड्या त्वचेला रेझीन लावू नका. तो बोर्ड वाचायला तिथे वेळ कुणाला होता!

धाकट्याचं लग्न झालं आणि घरात धाकटी आली. शिवणकाम करणारी. आल्या आल्या तिनं घरातले फाटके-उसवलेले सगळे कपडे गोळा केले आणि चार दिवसांत घर नवं करून टाकलं. दुकानात कापडाच्या ताग्यावरून हात फिरवून ती सांगायची, हे धुतल्यावर आटणार, हे नाही आटणार. चुणीताईनं ते पाहिलं आणि तिचा जीव हरखला. आपल्या जातीचं माणूस भेटलं म्हणाली, आणि तिला पात्यांच्या कारखान्यात न्यायचं ठरवूनच टाकलं.

"अगं, तिला तरी सोड," थोरला हसत हसत म्हणाला. "घरात एक पातं पुरे आहे."

पण धाकटीलाच हौस. ताईंबरोबर जायचं, ताईंबरोबर यायचं, डबा एकत्र खायचा. सकाळी दोघी बसमध्ये शेजारी बसून अशा काही खिदळायच्या की कंडक्टर म्हणायचा, बहिणी-बहिणी दिसताय. दोघीही हो म्हणायच्या.

पहिल्या दिवशी साच्याशी उभी राहून धाकटीनं विचारलं, "ताई, मोजा काढू? बोर्डावर तर लिहिलंय..."

"बोर्ड लिहिणाऱ्यानं कधी चुणी धरलीय का? काढ तू. मी आहे ना."

मी आहे ना. हे शब्द पुढे चुणीताईनं किती वेळा आठवले असतील, तिचं तिलाच ठाऊक. तेव्हा मात्र तिनं मोठ्या प्रेमानं धाकटीचा हात हातात घेतला, ओल्या कापडावर ठेवला आणि म्हणाली, "दाबू नकोस. नुसता जाऊ दे. आता डोळे मीट. काय लागलं?"

"इथे जरा... शिवण घेतल्यासारखं."

"शाब्बास!" चुणीताई एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या साच्यावरच्या बायकाही हसल्या.

खाज सुटली ती धाकटी कामाला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी, चुणीताईच्या बोटांच्या बेचक्यात. मग बारीक पाण्याचे फोड आले. तिनं भांड्यांच्या साबणाला दोष दिला, साबण बदलला. मग मलम आणलं. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, उष्णता झालीय. पण आतून तिला कळलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत हॉलमधल्या एक-दोघी अशाच गेल्या होत्या. आधी हातावर पुरळ, मग सुजलेल्या पापण्या, मग हॉलच्या बाहेर, गोदामात. त्या गेल्या तेव्हा हीच म्हणाली होती, "नाजूक बायका! यांनी कशाला यावं असल्या कामाला?"

सांगितलं तर तिलाही गोदामात बसवणार हे उघड होतं. पगार तोच मिळाला असता, कुणी उपाशी मरत नव्हतं. पण गोदामात बोल्टांची खोकी लावणाऱ्या बाईला चुणीताई कोण म्हणणार? एवढ्यासाठी तिनं तोंड बंद ठेवलं. दुसरं काहीही कारण नव्हतं, आणि पुढे तिनं स्वतःची समजूत घालायला कितीही कारणं शोधली तरी ती टिकली नाहीत.

खरं पाप तर याच्या पुढे आहे. हात चुरचुरायला लागले तसा तिनं मोजा घातला. दोन्ही हातांत, दिवसभर. बायकांनी विचारलं, "काय चुणीताई, साहेबीण झालात?" तर ती हसून म्हणाली, "आता माझी बोटं जुनी झाली गं. धाकटीची ताजी आहेत, तिला बोलवा." आणि हाका आल्या की तिनं धाकटीला पुढे करायला सुरुवात केली. धाकटी खुशीत जायची. डोळे मिटायची, तळवा फिरवायची, ताईंकडे बघून हसायची. चुणीताई शेजारी मोजे घालून उभी राहायची आणि म्हणायची, "बघा, कुणाची चेली आहे!"

एक दिवस सेफ्टीवाल्या बाईंनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं आणि पडद्यावर फोटो दाखवले. फुटलेले हात, सुजून मिटलेले डोळे. बाई आवाज न चढवता बोलत होत्या. "एकदा शरीरानं या रेझीनशी वैर धरलं की ते जन्माचं. त्याला औषध नाही, लांब राहणं एवढंच. कुणाला खाज असेल, पुरळ असेल तर आत्ता सांगा. लपवलंत तर तुमचं नुकसान आहेच, पण शेजारणीचंही आहे. तिला वाटत राहील की काही होत नाही."

टेबलाखाली चुणीताईचे हात एकमेकांना खाजवत होते. धाकटी कानाशी लागली, "ताई, हे खरं असतं का हो? आपल्याला तर काहीच होत नाही."

आत्ता सांगितलं असतं तरी चाललं असतं. उभं राहायलाही नको होतं, नुसतं कानात सांगायचं होतं, अगं, मला होतंय, उद्यापासून मोजा घाल. दोन वाक्यांचं काम. पण चुणीताई म्हणाली, "अगं, त्यांना पगारच घाबरवायचा मिळतो."

धाकटी तोंड दाबून हसली.

संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं होतं. संध्याकाळी धाकटा पायाच्या खड्ड्यात पाणी भरल्याच्या गमती सांगत बसला आणि ते राहून गेलं. रविवारी सांगू म्हणाली, तर रविवारी पाहुणे आले. मग हे मोठं पातं झालं की सांगू. मोठ्या पात्यामागून दुसरं मोठं पातं लागलं. रोज धाकटी शेजारी बसून जेवायची, रोज तिच्या पानात वाढताना चुणीताई तिच्या बोटांकडे बघायची. बोटं स्वच्छ दिसली की जीव भांड्यात पडायचा. तिला काही होत नाहीये, म्हणजे तिची कातडी चिवट असेल, म्हणजे सांगायची गरजही नसेल. माणूस स्वतःला काय काय पटवतो!

आणि मग एका सकाळी धाकटी स्वयंपाकघराच्या दारात भिंत चाचपत उभी राहिली. दोन्ही पापण्या फुगून डोळे मिटले होते. गालांवर, मानेवर लाल चट्टे. धाकटा आधी हसलाच, "कुणाशी मारामारी केलीस गं?" मग तिचा श्वास ऐकला आणि चप्पल न घालता रिक्षा बघायला धावला.

दवाखान्यात सूज उतरायला दुपार झाली. डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. बेचक्यांत बारीक फोड होतेच. तिनंही ते कुणाला दाखवले नव्हते, ताईंना होत नाही मग आपल्यालाच कसं होतंय, या लाजेनं.

"हातमोजे घालत नव्हतात?"

"नाही."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

चुणीताई खाटेच्या पायथ्याशी उभी होती, हात पिशवीआड. धाकटी मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "कुणी नाही. माझंच डोकं. शिवणाची सवय ना मला, हाताला कळल्याशिवाय बरं वाटत नाही."

आणि चुणीताईनं मिठाची गुळणी धरली. तिथेसुद्धा!

डॉक्टरांनी सांगितलं तेच, जे बाईंनी कँटीनमध्ये सांगितलं होतं. त्या हॉलमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही, वासानंसुद्धा सूज येईल. हात बरे होतील, पण कधी ते सांगता येणार नाही. पुढचे दोन-तीन महिने धाकटीची कातडी सोलत राहिली. नव्या कापडाची खळ झोंबायची, धागा बोटांच्या भेगांत अडकायचा. शेजारच्या मुलीचा अर्धवट शिवलेला झगा तिनं हात जोडून परत केला. मशीनवर चादर घातली. तरी ती ताईंशी पूर्वीसारखीच हसून बोलायची, आणि तेच चुणीताईला सोसेना.

शेवटी एक दिवस ती सुटी व्हायच्या आधीच सेफ्टीवाल्या बाईंच्या खोलीत गेली, मोजे काढले आणि हात टेबलावर ठेवले. खोकण्याच्या रीतीपासून सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, सगळं लिहून घेत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये पहारा बसला, आणखी तिघींच्या हातांवर पुरळ निघालं, आणि चुणीताई गोदामात गेली. ज्यानं तोंडात बोट घातलं होतं तो सुपरवायझर म्हणाला, "मी तर बोर्ड लावलाच होता बुवा."

आता घरी सांगणं तेवढं उरलं होतं. चुणीताई घरी आली तेव्हा धाकटी मागच्या पायरीवर हातांना मलम लावत बसली होती. चुणीताई शेजारी टेकली. तिनं नुसते आपले हात पुढे केले.

धाकटीनं ते पाहिले. दचकली नाही.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "दवाखान्यातून आल्यावर पडल्या पडल्या डोक्यात सारखं तेच. ताई अचानक मोजा का घालायला लागल्या? कधीपासून घालायला लागल्या?"

साहेबीण, जुनी बोटं, बाई ओरडतात, सगळी उत्तरं तयार होती. चुणीताई म्हणाली, "फोड आल्यापासून. मला तेव्हाच कळलं होतं."

"कँटीनमध्ये बसलो होतो, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

धाकटीनं मलमाच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुम्ही मला पहिल्या दिवशी मोजा काढायला सांगितलंत, त्याचं काही नाही. तेव्हा तुम्हाला तरी कुठे माहीत होतं. पण मग तुम्हाला कळलं. तुम्ही तुमचा हात झाकलात, ताई. माझा नाही झाकलात."

"अगं, चुणी राहिली असती तर पातं..." चुणीताईच्या तोंडून निघून गेलं, आणि निघता निघताच तिला स्वतःची शिसारी आली.

"मोडलं असतं. दुसरं केलं असतं. साचा काय कुठे पळून जात होता?"

एवढंच बोलून ती आत गेली. रडली नाही, भांडली नाही, नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. चुणीताईला वाटलं, भांडली असती तर माफी मागायला जागा तरी मिळाली असती.

महिनाभरात धाकट्यानं वेगळी खोली घेतली. पायाचं नवं काम दुसऱ्या टोकाला निघालंय, तिथून जवळ पडेल, असं तो म्हणाला आणि थोरल्यानं ते खरं मानलं. आजही मानतो. बायकोच्या हातांबद्दल त्याला कळलं, पण त्याचा धाकटीशी काय संबंध हे त्याला कुणी सांगितलं नाही. चुणीताईनं दोनदा सांगायचं ठरवलं होतं.

सामान निघालं त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. दोघे भाऊ मशीन उचलून नेत होते. चुणीताई भांड्यांचं गाठोडं उचलायला वाकली, तर धाकटीनं ते पुढून ओढून घेतलं.

"राहू द्या, ताई. गाठ कडक आहे, हात सोलतील तुमचे."

टोमणा नव्हता तो. तिनं खरंच काळजीनं म्हटलं. गाठोडं तिनं आपल्या भेगाळलेल्या हातांनी उचललं, वेदनेनं ओठ आवळला आणि टेम्पोत नेऊन ठेवलं. चुणीताई दारात तशीच उभी राहिली. एवढं सोपं होतं ते, आणि तिला इतक्या दिवसांत एकदाही जमलं नव्हतं.